आतून निळा न निघालेला क्यूब

९ जानेवारी. सकाळचे नऊ. टाकीतून क्यूब काढायचे, फडक्याने पुसायचे, वजन करायचं, मशीनवर ठेवायचे. एरवी हे काम गजानन करतो. त्या दिवशी तो त्याच्या सासऱ्यांच्या तेरवीला गेला होता, म्हणून माझ्याकडे आलं. तो सुट्टीवर नसता तर हा लेख नसता. आणि तीन माणसंही कदाचित नसती.

या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी क्यूब म्हणजे काय ते सांगते. कुठेही काँक्रीट ओततात तेव्हा त्याच काँक्रीटमधून थोडं काढून लोखंडी साच्यात भरतात. वीतभरापेक्षा थोडा लहान, चौकोनी ठोकळा होतो. दुसऱ्या दिवशी साचा उघडून ठोकळा पाण्यात ठेवायचा. सात दिवसांनी काही ठोकळे मशीनमध्ये दाबून फोडायचे, अठ्ठावीस दिवसांनी बाकीचे. ठोकळा किती दाबाला फुटला त्यावरून पुलात, खांबात ओतलेलं काँक्रीट किती पक्कं आहे ते ठरतं. पूल काही मशीनमध्ये घालून फोडता येत नाही. त्यामुळे सगळी मदार एका गोष्टीवर असते, की ठोकळ्यात आणि पुलात काँक्रीट एकच आहे.

पिपरी मेघेत माझी चाचणी प्रयोगशाळा आहे. खाली मशीन, टाक्या, चाळण्या, वर कार्यालय. नवीन वसाहती वाढल्या तशी कामं वाढली आणि मी हळूहळू खालून वर गेले. हे वाक्य मी सहज लिहिलं, पण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

त्या दिवशीचे तीन क्यूब रोहण्याकडच्या एका पुलाच्या कामाचे होते. गर्डर, म्हणजे खांबांवर आडवी बसणारी पुलाची तुळई, क्रमांक नऊ; वय सात दिवस. पहिला क्यूब मशीनमध्ये ठेवला, जाळीचं दार लावलं, बटण दाबलं. आकडा चढत गेला. पस्तीस हवं होतं; एक्केचाळीसला फुटला. छान. दार उघडलं, तुकडे घमेल्यात टाकायला घेतले आणि हात थांबला.

तुकडा आतून राखाडी होता.

दुसरा फोडला. राखाडी. तिसरा फोडताना मी आकड्याकडे पाहिलंही नाही. दार उघडून सरळ तुकडा हातात घेतला, खिडकीपाशी नेला, उन्हात धरला. राखाडी. मी तिथेच उलट्या घमेल्यावर बसले.

का, ते सांगायला दोन वर्षं मागे जावं लागेल.

पिपरीतच एका कापड-दुकानदाराचं घर बांधलं जात होतं. आर्वीकडे त्यांची संत्र्याची बागही आहे. एक दिवस शेठ दुकानाच्या पिशवीत काँक्रीटचा तुकडा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर आपटला.

"मॅडम, पाहा. मोरचूद टाकलं यायनं माह्या पिल्लरमंधी!"

इलेक्ट्रिकवाल्याने पाइपासाठी खांबाचा कोपरा फोडला होता. तुकडा आतून खरोखर निळसर हिरवा होता, मोराच्या मानेसारखा.

"शेठ, मोरचूद कोण कशाला टाकेल?"

"ते तुमी सांगा ना. मी त संत्र्याच्या झाडाले दरसाल लावतो. मले रंग वळखू येत नाई का?"

मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. आता नुसत्या सिमेंटचं काँक्रीट मोठ्या कामात फारसं राहिलेलं नाही. सिमेंट बनवायला प्रचंड कोळसा जळतो, आणि नुसतं सिमेंट भरपूर घातलं की काँक्रीट आतून तापतं, तडकतं. म्हणून त्यातलं काही सिमेंट काढून दुसरी भुकटी घालतात. वीज केंद्रातली बारीक राख, म्हणजे फ्लाय ॲश. किंवा स्लॅग. गुळाच्या कढईवर मळी येते तशी पोलादाच्या भट्टीत लोखंडावर मळी तरंगते; ती पाण्याने एकदम थंड करून पिठासारखी दळली की झाला स्लॅग. सिमेंट पाण्याशी भिडलं की चुना सुटतो. एरवी तो चुना आत नुसता पडून राहतो. स्लॅग त्याला कामाला लावतो, बारीक भोकं बुजवतो आणि काँक्रीट दाट करतो. भेसळ नाही ही. नीट केलं तर नुसत्या सिमेंटपेक्षा चांगलं.

आणि स्लॅगमध्ये थोडा गंधकाचा अंश असतो. त्यामुळे ताजं फोडलेलं स्लॅगचं काँक्रीट आतून निळं-हिरवं दिसतं. हवा लागली की काही दिवसांत रंग उडतो.

"हा तुकडा खिडकीत ठेवून जा," मी शेठना म्हटलं. "आठवड्याने या."

आठवड्याने आले. तुकडा पांढुरका झाला होता. शेठनी तो उलटसुलट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बदलला त नाई ना मॅडम तुमी?"

मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर महिनाभर मी हा किस्सा सांगत फिरले. कुणी तुकडा बदलेल, ही कल्पनाच मला गमतीची वाटली होती.

असली गिऱ्हाईकं आमच्याकडे येतच असतात. एकदा एक जण कापसाच्या जिनिंगच्या बॉयलरमधली पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, राख पोतंभर घेऊन आला होता. "सरकार राख टाका म्हणते ना? आमच्याकडे ढीग हाय." त्याला मी चाळणी दाखवली, कोळशाचे कण दाखवले, आणि पोतं शेतात टाकायला लावलं. अशा वेळी मला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटतं, ते खोटं कशाला सांगू.

तर, रोहण्याच्या गर्डरच्या मिश्रणात जवळजवळ निम्मा स्लॅग होता. कागदावर माझ्यासमोर लिहिलेलं होतं. सात दिवसांचा क्यूब आतून निळा निघायलाच हवा होता. एक नाही, तिन्ही राखाडी. म्हणजे या क्यूबांत स्लॅग नव्हताच. हे नुसत्या सिमेंटचे क्यूब होते. म्हणजे हे गर्डरचे क्यूब नव्हते.

घड्याळ पाहिलं. दहा वाजायला आले होते. गर्डर नऊच्या केबल त्याच दिवशी दुपारी ओढायच्या होत्या. ओढायच्या की नाही, ते माझ्या आकड्यावर ठरायचं होतं. आणि आकडा मशीनला जोडलेल्या संगणकातून, आम्हीच करून दिलेल्या सोयीने, फुटल्या क्षणी साइटवर पोचला होता. पास.

केबल ओढणं म्हणजे काय तेही सांगायला हवं, नाहीतर माझी धावपळ कळणार नाही. मोठ्या गर्डरमध्ये लांब नळ्या सोडलेल्या असतात. त्यांतून पोलादी तारांचे जुडगे जातात. काँक्रीट पुरेसं पक्कं झालं की एका टोकाला पंपावर चालणारा जॅक लावून त्या तारा ओढतात आणि पाचर मारून अडकवतात. ताणलेल्या तारा गर्डरला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात, म्हणून तो वजन पेलतो. हा सगळा जोर टोकाच्या हातभर काँक्रीटवर येतो. ते कच्चं असेल तर तिथेच चुरा होतो, पाचर सुटते, आणि तार जॅकसकट मागे येते. मागे जो उभा असेल त्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

साइट मॅनेजर तिवारीजींना फोन लावला.

"मॅडम, रिझल्ट मिल गया. बढिया है," ते म्हणाले. "जॅक लग रहा है. दो बजे खींचेंगे."

"खींचना नहीं. रिझल्ट रद्द आहे."

"रद्द? अभी तो आपही के यहाँ से पास आया!"

"तो क्यूब गर्डरचा नाही, तिवारीजी. मी येतेय. मी येईपर्यंत जॅकला हात लावायचा नाही."

"मॅडम, ढलाई का बेड खाली करना है. परसों दसवाँ ढालना है." आणि मग आवाज तुटक झाला, फोन कटला. पुन्हा लावला, लागला नाही. त्यांनी काय ऐकलं, काय नाही, मला कळेना.

मग प्रभाकरभाऊंना फोन केला. तिथे क्यूब बनवण्याचं काम प्रभाकरभाऊंकडे होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, आधी दहा वर्षं माझ्याकडेच होते. साचा तेलाने कसा पुसायचा, काँक्रीट तीन थरांत कसं भरायचं, सळईने किती वेळा कोचायचं, हे सगळं मीच शिकवलेलं. त्यांच्यासारखा क्यूब जिल्ह्यात कुणाचा होत नाही, असं मीच तिवारीजींना सांगून त्यांना तिथे लावलं होतं. फोन वाजत राहिला. त्यांनी उचलला नाही.

मी गाडी काढली.

वर्ध्याहून पुलगावकडून रोहण्याला जायला एरवी सव्वा तास पुरतो. जानेवारीत कापसाचा हंगाम असतो हे मी विसरले. एका जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या होत्या, एकमेकींना खेटून. दोन तास गाडी इंच इंच सरकत होती, तिवारीजींचा फोन लागत नव्हता, मी हॉर्न वाजवत राहिले. एक ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला.

"काऊन एवढी घाई करून राह्यल्या ताई? कापूस काय पळून चालला का?"

"दोन माणसं मरतील," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुढचं काही न विचारता तो गाड्यावाल्यांवर ओरडत सुटला, "ए, सरकवा रे! बाजूले घ्या!" अर्ध्या मिनिटात वाट झाली. त्याला मी धन्यवादही दिले नाहीत.

गाडी चालवताना मी सारखी गर्डर मोजत होते. पहिले दोन ऑक्टोबरच्या उन्हात झाले. क्यूब बरोबर आले. तिसरा नोव्हेंबरच्या शेवटी. त्याचे सात दिवसांचे क्यूब नापास झाले होते, आठवलं. चौथा पास. पाचवा, सहावा, सातवा, आठवा, सगळे पास. ऐन थंडीत. मी वर कार्यालयात बसून त्या प्रत्येकावर सही केली होती. एकही फुटलेला क्यूब डोळ्यांनी पाहिला नव्हता.

साइटवर पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. गर्डरच्या टोकाला जॅक लावलेला. जॅकमागे दोन ऑपरेटर, आणि त्या दोघांच्याही पुढे, जॅकला जवळजवळ टेकून, हातात नारळ घेऊन प्रभाकरभाऊ. आमच्याकडे प्रत्येक गर्डरची पहिली केबल ओढायच्या आधी नारळ फोडतात आणि तो फोडायचा मान क्यूबवाल्याचा असतो.

"बंद करा!" मी गाडीतूनच ओरडले. "पंप बंद! बाजूला व्हा सगळे!"

तिवारीजी धावत आले. "मॅडम, आपका फोन कट गया था—"

"पंप बंद झाला का?"

"हो गया, हो गया."

मी जॅकच्या रेषेतून सगळ्यांना बाहेर काढलं. मग हातोडी मागितली. गर्डरच्या खालच्या कडेला, साच्याच्या फटीतून बाहेर आलेला काँक्रीटचा एक पापुद्रा होता. तो ठोकून पाडला आणि मधोमध फोडला. उन्हात हातावर धरला. निळा. मोराच्या मानेसारखा निळा. पर्समधून सकाळचा तुकडा काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला.

तिवारीजींना अर्थ कळायला थोडा वेळ लागला. प्रभाकरभाऊंना लागला नाही. त्यांनी नारळ हळूच जमिनीवर ठेवला.

"प्रभाकरभाऊ, माझे क्यूब कुठून आले?"

"घमेल्यात बनवले मॅडम. स्टोअरमधल्या नुसत्या सिमेंटचे."

इतकं सरळ उत्तर येईल अशी माझी तयारी नव्हती. नाकारतील, भांडतील, दुसऱ्यावर ढकलतील, हे सगळं मी रस्त्याने मनात घोळवलं होतं.

"किती गर्डरचे?"

"चौथ्यापासून."

"काऊन?" माझा आवाज चढला. "काऊन केलं तुम्ही हे?"

ते म्हणाले, "तिसऱ्याचे क्यूब फेल झाले तवा तुमी फोनवर काय म्हटलं होतं, आठवते का?"

मला आठवत नव्हतं.

"तुमी म्हटलं, 'प्रभाकरभाऊ, हात बिघडला तुमचा. कोचायचंही विसरलात का?' तिवारीजी बाजूले उभे होते, स्पीकर चालू होता. मी सांगतलं तुमाले, का मॅडम, थंडी हाय, हे काँक्रीट सावकाश घट्ट होऊन राह्यलं, पंधरा दिवस लागतीन. तुमी म्हटलं, 'माझ्याकडे सात दिवसांचा नियम आहे. सबबी नको.'"

म्हटलं होतं. शब्द आठवले नाहीत, पण ते माझेच होते. माझ्या प्रयोगशाळेत जिन्याखाली पाटी आहे: 'सात दिवसांत दोन-तृतीयांश ताकद, नाहीतर परत.' नुसत्या सिमेंटच्या जमान्यात मीच रंगवून घेतलेली. सिमेंट पहिल्या आठवड्यात धावतं. स्लॅग उशिरा उठतो, आणि थंडीत त्याहून उशिरा. अठ्ठावीस दिवसांनंतरही वाढत राहतो. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. शेठना मीच तर तासभर व्याख्यान दिलं होतं. पण पाटी उतरवली नव्हती. आणि एका कसबी माणसाने त्याच्या डोळ्यांसमोर घडत असलेली खरी गोष्ट सांगितली, तेव्हा मी ती सबब ठरवली.

"मंग मी म्हटलं," ते पुढे म्हणाले, "मॅडमले सात दिवसाचाच पाह्यजे ना, त देऊ. खरं काँक्रीट त पुढं घट्ट होतेच. फरक काय पडते?"

"फरक काय पडतो? या सात दिवसांच्या आकड्यावर केबल ओढतात, प्रभाकरभाऊ! अठ्ठावीसच्या नाही!"

"मालूम हाय."

"मालूम आहे? आणि तुम्ही जॅकला टेकून उभे राहता?"

"माह्या क्यूबावर वढते ना मॅडम," ते म्हणाले. "मी बाजूले कसा उभा राहू? चौथ्यापासून दर खेपी मी पुढंच उभा राह्यलो."

बावीस वर्षांत मी खूप खोटे क्यूब पाहिले. जास्त सिमेंट घातलेले, तारीख खोडलेले, दुसऱ्या साइटचे आणलेले. ते करणारी माणसं अशा वेळी फार लांब असतात. खोटा क्यूब देऊन स्वतःचं अंग त्याच्यापुढे धरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्याचं काय करावं ते कळेना. मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोन ऑपरेटरांकडे लक्ष गेलं. त्यांतला एक चेहरा पुसत होता.

"ते तुमचं झालं," मी म्हटलं. "या दोघांना विचारलं होतं का?"

प्रभाकरभाऊंनी मान वर केली, त्या दोघांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं, ही गोष्ट त्यांच्या मनात खरोखरच आली नव्हती. त्या ऑपरेटरने जॅकवरचं आपलं जर्किन उचललं आणि सावलीत जाऊन बसला.

तिवारीजी तोपर्यंत हिशेबाला लागले होते. "मॅडम, चार से आठ तो खंभों पे चढ गये. कुछ हुआ तो नहीं. हुआ क्या?"

"सहाव्या गर्डरच्या टोकाला केसासारखी भेग आहे. तुमच्याच रोजच्या अहवालात होती."

"हाँ. आपने लिखा था, सुकने की है."

मीच लिहिलं होतं. फोटो मोबाइलवर आला होता. मी जेवता जेवता पाहिला आणि लिहिलं, सुकण्याची भेग, हरकत नाही.

मी निघणार तेवढ्यात प्रभाकरभाऊ गाडीजवळ आले. "मॅडम, खरे क्यूब पण हायेत."

"कुठले खरे?"

"सगळे. तिसऱ्याचे उरलेले, आन् चौथ्यापासूनचे. दर टायमाले गर्डरचे बरोबर बनवले. तीन थर, पस्तीस खेपा कोचून. स्टोअरच्या मागं जुना ड्रम हाय, त्यात पाण्यात ठेवले. फेकून देववलं नाई."

ड्रमात खरंच होते. प्रत्येकावर लाल रंगाने गर्डरचा क्रमांक आणि तारीख, त्यांच्या त्या गोलगोल अक्षरात. कडा अशा सरळ, की हात फिरवावा. मी मोजले, गाडीच्या डिक्कीत ओल्या पोत्यांवर ठेवले, आणि परत निघाले. प्रभाकरभाऊंना सोबत घेतलं नाही. तेही येतो म्हणाले नाहीत.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा गजानन तेरवीवरून परतून टाक्यांचं पाणी बघत होता. आम्ही दोघांनी मिळून क्यूब फोडले. आधी गर्डर नऊचा, सात दिवसांचा. सत्तावीसला फुटला, मऊपणे, फारसा आवाज न करता. आत गर्द निळा. पस्तीस हवं होतं. दोन वाजता केबल ओढली असती तर टोकाला काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. कदाचित काहीच नाही, चार ते आठला झालं नाही तसं. कदाचित सगळंच.

मग तिसऱ्याचा, दीड महिन्याचा. हाच तो, ज्याच्या भावंडांना मी नापास केलं होतं. आकडा पन्नासच्या पुढे गेला. पंचावन्न. साठ. गजानन दारापासून मागे सरकला. चौसष्टला असा बार झाला की वरच्या मजल्यावरून टंकलेखनवाली मुलगी खाली धावत आली. कडक काँक्रीट फुटतं तेव्हा स्फोटासारखं फुटतं. तुकडे जाळीवर आदळले. मी एक उचलला. मधला भाग निळा, सगळीकडे खडीचा दाणा मधोमध कापला गेलेला, कुठे पोकळी नाही, कुठे थर सुटलेला नाही.

हात बिघडला तुमचा, असं मी या क्यूबाच्या बाबतीत म्हटलं होतं.

"गजानन," मी विचारलं, "चौथ्यापासून तू क्यूब फोडतोयस. आतून निळे निघत नाहीत हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

गजानन चांगला माणूस आहे. त्याने खरंखुरं आश्चर्य वाटून माझ्याकडे पाहिलं. "रंगाचं तुमी कवा विचारलंच नाई मॅडम. तुमी आकडा विचारता. आकडा पास होता."

पुढे जे झालं ते थोडक्यात लिहिते. चार ते आठ या गर्डरांच्या टोकांची तपासणी झाली, नळीसारखे नमुने काढून फोडले गेले. चार गर्डर पास झाले. तोवर स्लॅगने आपलं काम केलं होतं. सहावा बाद ठरला. तो उतरवून फोडताना मी मुद्दाम गेले आणि शेवटपर्यंत उभी राहिले. केबल आता तिथे थंडीत सात दिवसांवर ओढत नाहीत. गर्डरच्या शेजारी, त्याच थंडीत ठेवलेले क्यूब सांगतील तेव्हा ओढतात. माझ्या प्रयोगशाळेचं सरकारी काम काही महिने बंद झालं, मग परत सुरू झालं. प्रभाकरभाऊंना साइटवरून काढलं. ते बरोबरच होतं, आणि मी त्याविरुद्ध एक अक्षर बोलले नाही. आता प्रत्येक फुटलेला क्यूब मी खाली जाऊन बघते. गजानन म्हणतो, मॅडमना रंग पाहायची सवय लागली. लागू दे.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे दहा जानेवारीला, मी साडेसातला प्रयोगशाळा उघडली. जिन्याखालची पाटी उतरवली. चार स्क्रू होते. एक गंजलेला, तो कापावा लागला. मग पुलाच्या अधिकाऱ्यांना पत्र टाइप केलं. पहिला परिच्छेद: गर्डर चार ते नऊचे माझ्या सहीचे अहवाल रद्द समजावेत. दुसरा: क्यूब कुणी बदलले, कसे बदलले. तिसरा: तिसऱ्या गर्डरच्या वेळी क्यूब बनवणाऱ्याने मला योग्य कारण सांगितलं होतं, मी ते ऐकलं नाही, त्याच्या कामाला नावं ठेवली, आणि सहाव्या गर्डरची भेग मी प्रत्यक्ष न पाहता हरकत नाही असं लिहिलं.

पाठवण्याआधी प्रभाकरभाऊंना फोन केला. या वेळी त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. मी पूर्ण पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मॅडम, माह्यं राहू द्या," ते म्हणाले. "पण ते तिसरं काढून टाका. तुमची लॅब जाईन. तुमाले कोणी विचारलं बी नाई अजून."

"टाइप झालंय," मी म्हटलं, आणि पत्र द्यायला निघाले.